एडनला निघाले, कॅम्प नंबर चारपर्यंत पोचले

लोक काशी-रामेश्वर करून येतात आणि मग चार बायकांना जमवून सांगत बसतात. मीही तशीच बसले आहे, पण माझा प्रवास ऐकून तुम्ही हसाल. मी निघाले होते एडनला. बोटीनं, समुद्र ओलांडून, अरबांच्या मुलखात. आणि जाऊन आले कुठे, तर बदलापूरच्या आमच्या कात्रपहून अंबरनाथ, अंबरनाथहून उल्हासनगरचा कॅम्प नंबर चार. सगळं मिळून तीन-साडेतीन कोस. घराबाहेर मात्र अठरा दिवस होते.

आधीच सांगते, मी शाळेत गेलेली नाही. माझी कुसुम दुसरीत होती तेव्हा दुपारी ती झोपली की तिची पाटी घेऊन मी गिरवत बसायची, आणि उठली की ती माझ्या चुका काढायची. "आई, तुझा ण पडतोय, त्याला टेकू दे." तेव्हा इथे कुठे अक्षर पडलेलं दिसलं तर समजून घ्या.

कात्रप

त्याच कुसुमला दिली एडनला. जावई तिथे बंदरावर कारकून. लग्न झालं आणि बारा दिवसांत ती बोटीत बसली. हे जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं, म्हणजे घरात मी आणि चूल. पत्र यायचं महिन्याला एक. त्यात लिहायची, इथे झाड नाही, पाऊस नाही, पाणी गाढवावरून येतं. आणि मग पौषात पत्र आलं की मला दिवस आहेत, फाल्गुन संपता संपता बाळंत होईन, आई तू ये. खाली वेगळ्या शाईनं, बहुतेक रडून झाल्यावर, लिहिलं होतं: "येताना कढीलिंब वाळवून आण. इथे फोडणीला वासच येत नाही."

मी पानं वाळत घातली. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी, सगळं एका ट्रंकेत. बाकीचे कागद जावयाच्या मावसभावानं मुंबईला करून ठेवले होते. राहिला होता एकच, देवी टोचल्याचा दाखला. तो नसेल तर बोटीवर पाय ठेवू देत नाहीत. आणि माझा दंड कोराच होता. मी लहान असताना गावात देवीचा डॉक्टर आला की आजी आम्हा पोरांना भाताच्या कणगीत उतरवायची आणि वरून सूप झाकायची. कणगीत बसून मी तीन डॉक्टर चुकवले. आता पन्नाशीला आले तर डॉक्टर शोधत निघाले.

निघायच्या आदल्या दिवशी एक गोष्ट केली, ती इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्याच आळीत सखूच्या पोरीला देवी आल्या होत्या. दाराला कडुनिंब, घरात फोडणी बंद, सगळं रीतसर. आळीत बाई आल्या असताना त्यांना न विचारता लांबच्या गावाला निघायचं नसतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून मी दहीभात घेऊन गेले, पोरीच्या उशाशी बसले, हात जोडले, म्हटलं, बाई, लेकीकडे जाते, सांभाळा. पोरीनं माझं बोट धरलं होतं. सोडेचना. मी बसून राहिले.

पेंढ्याच्या गाडीतून

दुसऱ्या दिवशी सोमवार. पांडूची बैलगाडी अंबरनाथला पेंढा घेऊन चालली होती, तिच्यावर मी आणि माझी ट्रंक. ट्रंक आत्ताच न्यायची, कारण दाखला मिळाला की बहिणीकडूनच परस्पर मुंबईला जायचं, असं ठरलं होतं. पेंढ्यावर उंच बसल्यावर आपलंच गाव केवढं निराळं दिसतं. डावीकडे मलंगगड, खाली माघातली कापलेली शेतं, वालाच्या वेलांवर शेंगा. मी सगळं डोळ्यांत भरून घेत होते, जसं काही परत यायचंच नाही.

पांडू वाटभर माझी थट्टा करत होता. "वयनी, तथं एडनला पेंडा मिलतो का?"

म्हटलं, अरे तिथे झाडच नाही, पेंढा कुठला.

"मंग आमचे बैलांना नका नेव. तुमी एकल्याच जा."

काडेपेट्यांच्या कारखान्याचा वास आला की अंबरनाथ आलं समजायचं.

अंबरनाथ

माझी धाकटी बहीण यमू शिवमंदिराजवळ राहते. तिचे यजमान वसंतराव कारखान्यात नोकरीला, दोन मुलं, आणि सासू. सासूबाईंना सगळी आळी माई म्हणते. माई म्हणजे कडक काम. मी समुद्र ओलांडणार हे ऐकून त्यांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग मला पानावर दोनदा भात वाढला. तिकडे गेल्यावर कोण वाढणार म्हणाल्या.

मंदिर तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलं नसेल. इतर देवळांत पायऱ्या चढून जातो, इथे गाभाऱ्यात उतरून जायचं. खाली अंधार, गारवा, पिंडीवर थेंब. बाहेर वालधुनीचं पाणी. मी त्याला सांगून आले की टोचून घ्यायला जाते. देवांना सांगत फिरायची सवयच मला, काय करणार.

कॅम्प नंबर चार

मंगळवारी यमू आणि मी चालत कॅम्पात गेलो. दाखल्यावर सरकारी शिक्का लागतो, आणि तो देणारा दवाखाना कॅम्पात होता. उल्हासनगर हे नाव पडून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. सगळे कॅम्पच म्हणायचे, अजूनही म्हणतात. लष्करानं सोडलेल्या लांबच लांब बराकी, मध्ये गोणपाट लावून एकेकीत फाळणीनंतर सिंधहून आलेल्यांचे किती संसार. पण दारापुढे बघाल तर खाटांवर पापड वाळताहेत, कुणी शिवणयंत्र चालवतंय, कुणी बिस्किटं भाजतंय, आणि जो तो काहीतरी विकतोय. आमच्याकडे दुकानात गेलं तर वाणी आधी वर बघत नाही. इथे दुकानदारच "आओ माई, देखो तो सही" म्हणून उठून उभा. यमू म्हणाली, ताई, चालत राहा, नाहीतर एडनऐवजी इथेच खरेदी होईल.

दवाखानाही बराकीतच. डॉक्टर सिंधी, तरुण, डोळ्यांखाली काळं. दारात स्टुलावर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, पांढरी सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी. जसोती तिचं नाव. ती पगारी नव्हती, दवाखान्याची कुणी नव्हती. येणाऱ्या बायकांचा हात धरायची, एवढंच. बायका सुईला भितात, परक्या पुरुषापुढे दंड उघडा करायला लाजतात. ही आपल्या ओढणीचा आडोसा करायची, बाही वर करायची, आणि काम होईपर्यंत बोलत राहायची.

माझाही हात तिनं धरला. "किधर जाने का, अदी?" अदी म्हणजे ताई.

म्हटलं, एडन. लेकीचं बाळंतपण.

तिनं माझा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "पहिला बच्चा?" मी मान हलवली. डॉक्टरांनी बारीक काचेच्या नळीतून थेंब ठेवला, वर एक चक्रीसारखं अवजार दाबून फिरवलं, झालं. मुंगी चावावी तसं. डॉक्टर म्हणाले, "पानी नहीं, हल्दी नहीं, कुछ भी नहीं लगाना. आठवें दिन आओ. फोडा आया तो सर्टिफिकेट."

जसोतीनं बाहेर आम्हाला बसवून गोड, जाड, तुपातली रोटी दिली, तिला लोला म्हणतात. श्रावणात त्यांच्या थदडीला हे लोले आदल्या दिवशी करून ठेवतात, त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, मातेसाठी गार खातात. मी म्हटलं, अगं, ही तर आमची शीतला सप्तमी. मग मला राहवलं नाही, विचारलं, मातेचं एवढं करतेस आणि तरी इथे टोचायला हात धरतेस? तिनं ओढणी सारखी केली. "माता को ठंडी रोटी देते हैं. हाथ डॉक्टर को देते हैं. दोनों नाराज नहीं होते."

उंबऱ्याबाहेर

आता माझी चूक. घरी आलो तर माई दारात घंगाळ घेऊन उभ्या. कडुनिंबाचा पाला घालून पाणी उकळलेलं, वाटीत हळद. म्हणाल्या, देवी अंगात घेऊन आलीस, तिला थंड केल्याशिवाय आत आणायची नाही, घरात पोरं आहेत.

डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात ताजे होते. मी काही ऐकलं नव्हतं असं नाही. पण तुम्हीच सांगा, बहिणीच्या सासरी, तिच्या सासूच्या दारात उभं राहून हुज्जत घालायची? माहेरच्या माणसानं तोंड उघडलं की त्याचं उट्टं मागून बहिणीवर निघतं. यमू माईंच्या पाठीमागून माझ्याकडे नुसती बघत होती. मी दंड पुढे केला. माईंनी तो प्रेमानं धुतला, अगदी चोळून धुतला, वर हळद लावली, आणि देवीला नमस्कार करून मला आत घेतलं.

आठ दिवस मी रोज सकाळी पदर सरकवून दंड बघत होते. दोन बारीक खपल्या, तिसऱ्या दिवशी त्याही पडल्या. यमू म्हणायची, येईल फोड उशिरा. ट्रंक कोपऱ्यात उभी होती. बोट रविवारी दुपारी सुटणार होती.

आठवा दिवस

डॉक्टरांनी दंड पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "धोया?"

मी खाली मान घातली.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, लस लागलीच नाही. आज पुन्हा टोचतो, पुन्हा आठ दिवस. मी म्हटलं, साहेब, रविवारी बोट आहे. त्यांनी दुसरंच विचारलं, तुमच्या गावात कुणाला माता आली आहे का? मी सखूच्या पोरीचं सांगितलं. निरोप घ्यायला गेले, उशाशी बसले, बोट धरून होती, सगळं. बोलता बोलता मलाच माझा आवाज वेगळा ऐकू यायला लागला.

डॉक्टर बोटांवर दिवस मोजत होते. म्हणाले, तुमच्या अंगात शिरली असेल तर बारा-पंधरा दिवसांत दिसेल. म्हणजे बोटीवर. नाहीतर मुलीच्या घरी. पहिल्या दिवशीची लस लागली असती तर बहुधा तुम्ही वाचला असता. मग माझ्या दुसऱ्या दंडावर टोचलं, आणि यमूला म्हणाले, घरातल्या सगळ्यांना उद्या घेऊन या.

जसोती हात धरून होती. टोचून झालं तरी तिनं तो सोडला नाही.

वसंतरावांचा कागद

घरी सगळं ऐकल्यावर वसंतरावांना वाईट वाटलं. स्वभावानं फार चांगला माणूस. शुक्रवारी संध्याकाळी कारखान्यातून आले ते हातात कागद घेऊन. कुठल्याशा कचेरीतला त्यांचा कुणी ओळखीचा होता. दाखला भरलेला, शिक्का मारलेला, फोड आला असं लिहिलेलं, माझं नाव सुवाच्य अक्षरात.

"ताई, जा तुम्ही," ते म्हणाले. "बंदरावर कोण पदर सरकवून बघतंय? आणि तुम्हाला झालंय काय? ताप नाही, कणकण नाही. लेक वाट बघत्येय."

मी तो कागद घेतला. खोटं कशाला बोलू, छातीशी धरला. ट्रंक उघडून लाडू पुन्हा नीट लावले. कढीलिंबाची पिशवी वर ठेवली, म्हणजे उघडल्या उघडल्या तिला वास येईल. कुसुम बाळंतपणाच्या खोलीत एकटी, परक्या भाषेतली सुईण, आणि दारातून मी आत येते, हे चित्र मी किती वेळा पाहिलं असेन.  माईंनी घंगाळ आठव्या दिवशीच माळ्यावर टाकलं होतं.

शनिवारी सकाळी मी एकटीच कॅम्पात गेले. जसोतीनं एडनला न्यायला पापड देईन म्हटलं होतं, आणि तिला सांगितल्याशिवाय जाणं बरं दिसेना. तिच्या बराकीत गेले, ती खाटेवर पापड उलटत होती. मी म्हटलं, कागद मिळाला, उद्या जाते. कसा मिळाला ते तिनं विचारलं नाही. पापड बांधायला लागली. मग मीच विचारलं, जसोती, तू त्या दारात रोज का बसतेस?

तिनं गाठ मारली आणि सांगायला लागली. कराचीहून बोटीनं निघाले तेव्हा गर्दी एवढी की माणसावर माणूस. एक बाई आली, मांडीवर पोर, चादरीत गुंडाळलेलं. कुणी तिला बसू देईना. जसोतीची मुलगी वीस दिवसांची बाळंतीण होती, तिच्या शेजारी थोडी जागा होती.

"अदी, जगह हमने खुद दी उसको. मैंने बोला, आ, इधर बैठ. चादर के अंदर किसी ने देखा नहीं." तिनं पुडक्याची गाठ पुन्हा ओढून बघितली. "वो भी किसी की माँ थी. उसको भी जाना था."

नातू इथे आल्यावर देवी येऊन गेला, याच बराकीत. मुलगी त्याच्यामागून.

 तिनं पापडांचं पुडकं माझ्या हातात दिलं आणि माझा पदर डोक्यावर सारखा केला. जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. बाहेर आल्यावर मला आठवलं की सखूच्या पोरीनं माझ्या ज्या हाताचं बोट धरलं होतं, त्याच हातानं बाळाला पहिली घुटी देणार होते.

घरी येऊन वसंतरावांना कागद परत दिला. ते काहीतरी बोलणार होते, माईच म्हणाल्या, "वसंता, तो चुलीत टाक." आणि मग माझ्याकडे न बघता, "हिचं जाणं माझ्यामुळे राहिलं."

रविवार

बोटीची वेळ दुपारची. मी मंदिरात जाऊन बसले. वर सगळं ऊन होतं, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की काही ऐकू येत नाही. एडनपर्यंत पाच-सहा दिवस लागतात म्हणे. मी रोज मनात मोजायची, आज पहिला दिवस, आज दुसरा. कुसुमला पत्र पाठवलं होतं, पण ते बोटीच्या आधी पोचणार नव्हतं. म्हणजे ती धक्क्यावर येणार. पोट सांभाळत, उन्हात, उतरणारं एकेक माणूस बघत. शेवटचा माणूस उतरला तरी ती उभी राहील, हे मला माहीत होतं. लहानपणी बाजारातून मला उशीर झाला की ती अशीच उंबऱ्यात उभी राहायची, हाक मारली तरी आत जायची नाही.

त्या आठवड्यात माईंनी माझा दंड तळहातावरच्या फोडासारखा जपला. आंघोळीला बसले की दंडावर केळीचं पान धरून उभ्या राहायच्या, थेंब उडू द्यायच्या नाहीत. सातव्या दिवशी चांगला टपोरा फोड आला, ताप भरला, काखेत गाठ. घरात जत्रा असल्यासारखा आनंद. मुलंही टोचून आली होती, ती आपापले दंड दाखवत हिंडत होती. माईंनी स्वतःचा दंड मात्र दिला नाही. माझ्या वयात आता देवीनं न्यायचं ठरवलं तर मी चालले, म्हणाल्या.

खरा दाखला मिळाला. आणि मला काहीही झालं नाही. तेरा दिवस गेले, पंधरा गेले, अंगावर एक पुळी नाही. म्हणजे गेले असते तरी चाललं असतं का? हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "माई, आज मालूम है. उस दिन किसको मालूम था?" उत्तर बरोबर आहे. पण रोज नव्यानं स्वतःला समजवावं लागतं.

ट्रंक घेऊन मी पांडूच्याच गाडीतून परत आले. या वेळी त्यानं थट्टा केली नाही. सखूची पोर वाचली होती, तोंडावर वण घेऊन दारात खेळत होती.

कात्रप, परत

दुसरी बोट मिळेपर्यंत कुसुमचं पत्र आलं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आता उन्हाळा सुरू होईल, इथला उन्हाळा तुला सोसणार नाही, थंडीत ये. पुढच्या थंडीत जावयांची आजारपणं. त्याच्या पुढच्या थंडीत आणखी काही. पत्रात एकदा बाळाचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलनं काढून पाठवला होता. मी त्यावर माझा हात ठेवून बघते. अजूनही बघते. दुसऱ्या एका पत्रात कुसुमनं लिहिलं, बेबीला टोचलं, आणि आई, मी पाण्याचा थेंब लागू दिला नाही.

दर थंडीत मी लाडू नवे करते, जुने आळीतल्या पोरांना वाटते. कढीलिंब नवा वाळवते. ट्रंक तशीच भरलेली.

दाखल्याची मुदत तीन वर्षांची असते. यंदा माघात ती संपली. पत्रात बोलावणं नव्हतं, बोटीची तारीख नव्हती. तरी मी अंबरनाथला उतरले आणि तिथून चालत कॅम्प नंबर चारला गेले. बराकींच्या जागी काही पक्की घरं उठली आहेत, डॉक्टर नवे आले आहेत. स्टूल मात्र दारात होतं आणि स्टुलावर जसोती होती. तिनं मला पाहिलं, ओढणीचा आडोसा केला, माझी बाही वर केली.

नव्या डॉक्टरांनी विचारलं, कुठे जायचं आहे?

मी सांगितलं, एडनला.

"कब?"

मी काही बोलायच्या आत जसोती म्हणाली, "आप टीका लगाओ, डॉक्टरसाब. अदी को जाना है."